चित्रांचे आयुर्मान

चित्र किती वर्षे टिकते, हा प्रश्न वरवर साधा दिसतो. पण त्याचे उत्तर एका आकड्यात देता येत नाही. माणूस किती वर्षे जगतो, असे एखाद्या वैद्याला विचारले तर तो आधी उलट विचारील : कोणता माणूस? प्रकृती कशी? राहणी कशी? हवापाणी कुठले? चित्राच्या बाबतीतही हेच प्रश्न आधी विचारावे लागतात. आणि ते विचारण्याची निकड अंधेरी-बोरिवली, मुलुंड-घाटकोपरच्या आपणा रहिवाशांना इतरांहून थोडी अधिकच आहे. ती का, हे पुढे ओघाने येईल.

पुष्कळांची अशी समजूत असते की टिकाऊपणा हा किमतीवर अवलंबून असतो. रंग महाग, कागद विलायती, चौकट सागवानी, म्हणजे चित्र शंभर वर्षे निर्धास्त! वस्तुतः जगातली सर्वांत चिवट रंगद्रव्ये ही सर्वांत स्वस्त आहेत. दिव्याची काजळी, गेरू, पिवळी माती. काजळी म्हणजे जवळजवळ निव्वळ कार्बन. तिचे बिघडायचे असे काही उरलेलेच नसते. गेरूत असते ते गंजलेले लोखंड. जे आधीच गंजून बसले आहे ते आणखी काय गंजणार? उलट किड्यांपासून किंवा वनस्पतींपासून काढलेले किरमिजी, गुलाबी, जांभळे रंग दिसायला मोहक. परंतु त्यांच्या रेणूंची रचना नाजूक असते आणि उजेडाचा मारा सुरू झाला की ती मोडू लागते. काजळीने लिहिलेले अक्षर पाचशे वर्षांनी वाचता येते आणि किरमिजी शाईचा फुलांचा गुच्छ एका पिढीत पांढराफटक पडतो.

पण रंगद्रव्य चिवट असले म्हणून चित्र चिवट होते असे नाही. कोणतेही चित्र म्हणजे चार वस्तूंचा संसार असतो. एक, ज्यावर चित्र काढले तो आधार : भिंत, कापड, कागद, काच. दुसरे रंगद्रव्य. तिसरी, ते आधाराला धरून ठेवणारी खळ : डिंक, सरस, अंड्याचा बलक, जवसाचे तेल. चौथे, असले तर, वरून दिलेले रोगण. या चौघांत जो सर्वांत दुबळा, त्याच्या आयुष्याइतकेच चित्राचे आयुष्य. बाकीचे तिघे कितीही धडधाकट असोत. मला आज जे सांगायचे आहे ते एवढेच आहे. पण ते पटण्यासाठी थोडे हिंडावे लागेल.

प्रथम अजिंठ्याला जाऊ. तिथली सर्वांत जुनी चित्रे दोन हजार वर्षांच्या घरातली आणि प्रसिद्ध चित्रे बहुतेक पाचव्या शतकातली. ती ओल्या चुन्यावर काढलेली नाहीत. खडकावर मातीचा गिलावा, त्या मातीत दगडाची कच, भाताचे तूस आणि गवताचे तंतू. त्यावर चुन्याचा पातळ हात. आणि तो सुकल्यावर सरसात कालवलेले रंग. रंग म्हणजे गेरू, पिवळी माती, हिरवी माती, काजळी, पांढरी माती आणि निळ्यासाठी दूरदेशाहून आणलेला राजावर्त, म्हणजे लाजवर्द. सारी खनिजे, अपवाद काजळीचा, आणि ती खनिजाहून घट्ट. म्हणूनच जिथे चित्र शिल्लक आहे तिथे तो पद्मपाणी आजही ताजा दिसतो.

मग उरलेली चित्रे गेली कुठे? रंग उडून गेली नाहीत. गिलाव्यासकट गळून पडली. दुबळा घटक होता तो गिलावा. त्यातले तूस आणि तंतू किड्यांनी खाल्ले, पावसाळ्यात माती फुगली, उन्हाळ्यात आकसली, आणि एकेका शतकात एकेक पापुद्रा सुटत गेला. याच्या शेजारी वेरूळची गोष्ट ठेवून पाहण्याजोगी आहे. वेरूळच्या मातीच्या गिलाव्यात भांगेच्या झाडाचे तंतू मिसळलेले आढळले, आणि त्या गिलाव्याला किडीचा तसा उपद्रव झालेला नाही, असे २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात म्हटले आहे. गवंड्याने मातीत कोणते गवत कालवले यावर चित्रकाराची कीर्ती अवलंबून राहते ती अशी!

अजिंठ्याची पुढची हकीगत अधिक उद्बोधक आहे. १८१९ साली ही लेणी इंग्रजांच्या दृष्टीस पडली. चित्रे नष्ट होतील या काळजीने रॉबर्ट गिल या लष्करी अधिकाऱ्याने वर्षानुवर्षे तिथे राहून त्यांच्या मोठाल्या तैलरंगी नकला केल्या आणि त्या लंडनला पाठवल्या. १८६६ च्या डिसेंबरात तिथल्या क्रिस्टल पॅलेसला आग लागली आणि त्यांतल्या बहुतेक जळाल्या. मग आपल्या मुंबईच्या कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स यांनी १८७२ पासून विद्यार्थ्यांना बरोबर नेऊन पुन्हा नकला केल्या. त्याही लंडनला गेल्या आणि त्यांतल्या पुष्कळ १८८५ च्या आगीत गेल्या. जतनासाठी केलेल्या नकला सुरक्षित इमारतीत जळाल्या आणि वटवाघळांच्या सोबतीला सोडलेली मूळ चित्रे राहिली.

त्यांनाही खरी इजा झाली ती मात्र काळजी घेणाऱ्यांच्या हातून. नकला करताना रंग उठून दिसावेत म्हणून चित्रांवर रोगण चढवले गेले. पुढे निजाम सरकारने चेक्कोनी आणि ओर्सिनी या दोन इटालियन तज्ज्ञांना बोलावले. १९२० ते १९२२ या काळात त्यांनी सुटणारा गिलावा भिंतीला पुन्हा पक्का केला, हे त्यांचे मोठे उपकार. पण त्याबरोबर चित्रांवर चपड्या लाखेचे रोगणही दिले. चपडा पहिली काही वर्षे काचेसारखा स्वच्छ दिसतो. मग पिवळा पडतो, मग तपकिरी, आणि त्यावर बसलेली धूळ व धूर त्यातच रुतून राहतात. पुरातत्त्व खात्याच्या रसायनज्ञांची कित्येक वर्षे हा थर चित्राला धक्का न लावता उतरवण्यात गेली आहेत. दीड हजार वर्षे टिकलेल्या रंगावर पन्नास वर्षेही स्वच्छ न राहणारे रोगण चढवले, म्हणजे चित्राचे दिसणे पन्नास वर्षांवर आणून ठेवले. घरातल्या जुन्या चित्रावर 'जरा चकाकी यावी' म्हणून व्हार्निशचा हात मारणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे.

अजिंठा दूर पडत असेल त्यांनी बोरिवलीला उतरून कान्हेरीला जावे. शंभराहून अधिक लेणी. पण रंग शोधू लागलात तर थकाल. चौतीस क्रमांकाच्या लेण्याच्या छतावर बुद्धचित्रांचे थोडे अवशेष उरले आहेत. खडक तोच, सह्याद्रीचा काळा बेसॉल्ट. पण समुद्र जवळ, आणि पावसाळा आपल्या ओळखीचा. दगड राहिला, रंग गेला.

याच अरण्याच्या आसऱ्याने वारल्यांचे पाडे आहेत. शेणामातीने सारवलेल्या भिंतीवर गेरूचा हात द्यायचा आणि तांदळाच्या पिठाने लग्नाचा चौक लिहायचा, ही त्यांची रीत. ते पीठ पावसाळ्यानंतर राहत नाही, आणि राहावे अशी कोणाची अपेक्षाही नसते; पुढच्या लग्नात पुन्हा लिहितात. आपल्या दारातली रांगोळीही अशीच. ती संध्याकाळपर्यंत राहिली तर पुष्कळ! टिकाऊपणाच्या गप्पा मारताना हे विसरू नये की काही चित्रे न टिकण्यासाठीच असतात. परंतु १९७० नंतर जिव्या सोमा मशे यांच्यासारख्या कलावंतांनी वारली चित्र कागदावर आणि कापडावर आणले, ते विकले जाऊ लागले, आणि त्याबरोबर 'हे किती दिवस राहील?' हा प्रश्नही त्या कलेला प्रथमच चिकटला.

तो प्रश्न घरातल्या भिंतीवर आला की पहिला शत्रू उजेड. संग्रहालयात जलरंगाच्या चित्रापाशी अंधूक वाटते, आणि प्रेक्षक कुरकुरतात. तिथे प्रकाश मोजून ठेवलेला असतो : जलरंगाला आणि छापील चित्राला सुमारे ५० लक्स, तैलचित्राला सुमारे २००. लक्स हे उजेडाचे माप. आता भरदुपारचे थेट ऊन म्हणजे सुमारे एक लाख लक्स. सोपा हिशेब करा. संग्रहालयात रोज आठ तास याप्रमाणे वर्षभरात चित्रावर जेवढा उजेड पडतो, तेवढा आपल्या पश्चिमेच्या खिडकीतून येणाऱ्या उन्हाने दीड तासात पडतो. उजेडाने झालेली झीज साठत जाते, रात्री विश्रांती मिळाली म्हणून भरून येत नाही. आणि उन्हातली अतिनील किरणे तर या हिशेबात धरलेलीच नाहीत.

१८८८ साली रसेल आणि ॲबनी या दोघा इंग्रज शास्त्रज्ञांनी जलरंगांचे पट्टे काचेच्या नळ्यांत घालून दीर्घकाळ उन्हात ठेवले. काही नळ्यांत साधी हवा, काहींत दमट हवा, काहींतून हवा काढून टाकलेली. हवा काढलेल्या नळ्यांतले बहुतेक रंग जसेच्या तसे राहिले; दमट हवेतले सर्वांत जास्त बिघडले. म्हणजे ऊन एकट्याने चोरी करीत नाही, ओलावा त्याला दार उघडून देतो. आपल्याकडे दोघेही मुबलक आहेत.

यावर घरच्या घरी करता येईल असा एक प्रयोग सांगतो. चित्रकलेच्या विद्यार्थ्यांनी तो जरूर करावा. आपल्या रंगपेटीतल्या प्रत्येक रंगाचा एक पट्टा जाड कागदावर ओढा, निम्म्या कागदावर काळा पुठ्ठा घट्ट बांधा, आणि तो उन्हाच्या खिडकीत तीन महिने ठेवा. पुठ्ठा काढल्यावर कोण मित्र आणि कोण वैरी ते दिसेल. मातीचे रंग हसत राहतील. गुलाबी आणि जांभळ्यांतले काही तोंड लपवतील. चित्रकारांसाठी बनवलेल्या चांगल्या रंगांच्या नळीवर प्रकाशात टिकण्याची प्रत छापलेली असते. ती वाचून रंग घेणारे विद्यार्थी थोडे आणि नळीचे नाव वाचून घेणारे फार.

जलरंग म्हटला की तो कच्चा, ही मात्र गैरसमजूत. सावळाराम हळदणकर यांनी १९४५-४६ च्या सुमारास जलरंगात काढलेली समईच्या उजेडातली तरुणी, जी 'ग्लो ऑफ होप' या नावाने ओळखली जाते, ती मैसूरच्या जगन्मोहन राजवाड्यात आजही पाहायला मिळते. चांगले रंग, चांगला कागद आणि बेताचा उजेड मिळाला तर जलरंग शतक सहज ओलांडतो. तैलरंग अधिक सोशिक, कारण प्रत्येक कणाभोवती तेलाचे कवच असते. जवसाचे तेल वाळते म्हणजे उडून जात नाही. ते हवेतला प्राणवायू घेऊन घट्ट होते. ही क्रिया थांबत मात्र नाही. पन्नास-शंभर वर्षांत ते ठिसूळ होते. खालचे कापड पावसाळ्यात सैल पडते आणि हिवाळ्यात ताणते. ठिसूळ रंगाला ही ओढाताण सोसत नाही आणि त्याला तडे जातात.

आता कागद. पेशवे दफ्तरातली मोडी कागदपत्रे पाहिलेल्यांना ठाऊक असेल की अडीचशे वर्षांचा तो हातकागद आजही उलगडताना मोडत नाही. जुन्नर, दौलताबाद येथले कागदी लोक चिंध्या आणि तागाचे तंतू कुटून तो करीत. उलट चाळीस वर्षांपूर्वीचे वर्तमानपत्र हातात घ्या; त्याचा चुरा होतो. तो लाकडाच्या लगद्याचा. लाकडातले लिग्निन कागदात राहिलेले असते आणि जुन्या गिरण्यांत कागदाला खळ देताना तुरटी वापरीत. दोन्हींमुळे कागदातच आम्ल तयार होते आणि तो आतून जळत जातो. जुन्या पोथ्यांची शाई काजळी आणि डिंकाची, ती कागदाला इजा करीत नाही. चुकलेले अक्षर झाकायला हरताळ हे पिवळे खनिज फासत. 'हरताळ फासणे' हा वाक्प्रचार तिथूनच आला. इंग्रजी अमदानीत मायफळ आणि लोखंडाच्या क्षाराची शाई आली. ती पाण्याने पुसत नसे म्हणून सरकारी कामाला पसंत पडली, पण पुष्कळ ठिकाणी तिने अक्षराच्या जागी कागदाला भोके पाडली आहेत.

कागद आणि रंग यांची गाठ घाटकोपरात पडलेली आहे, हे इथल्या मंडळींना सांगायला हवे. राजा रविवर्मा यांनी १८९४ साली काढलेला शिळाछापखाना आरंभीच्या काळात घाटकोपरला होता. जर्मनीची यंत्रे, जर्मनीचे कारागीर, आणि एकेका रंगासाठी वेगळा दगड. पुढे हा छापखाना मळवलीला गेला, श्लायखर या जर्मन गृहस्थांच्या मालकीचा झाला, आणि १९७२ च्या आगीत त्याचा शेवट झाला. रविवर्म्यांची तैलचित्रे राजवाड्यांत आणि संग्रहालयांत राहिली. पण महाराष्ट्राच्या देवघरांत आणि माजघरांत पोहोचली ती या छापखान्याची लक्ष्मी आणि सरस्वती. या छापील चित्रांचा रंग अजून बरा असतो. दुबळा असतो तो कागद, आणि त्याहून दुबळी चौकट. पाठीमागे फळी ठोकलेली असते. तिच्यातले आम्ल कागदात उतरते, आणि फळीच्या गाठी व रेषा चित्राच्या तोंडावर तपकिरी उमटतात. पुढून काच चित्राला टेकलेली असते. पावसाळ्यात चित्र काचेला चिकटते आणि पुढे काच काढताना देवीचा चेहरा काचेबरोबर येतो. फळीच्या जागी आम्लरहित पुठ्ठा, आणि काच व चित्र यांच्यामध्ये पुठ्ठ्याची चौकट घालून थोडी पोकळी, एवढे केले तरी अशा चित्राला आणखी एक पिढी मिळते.

आता छायाचित्राकडे येऊ. फोटो म्हणजे वस्तूची हुबेहूब आणि कायमची नोंद अशी त्याची ख्याती. मुंबईत १८५४ सालीच फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली. त्या काळचे फोटो अंड्याच्या पांढऱ्या बलकाचा हात दिलेल्या कागदावर छापीत. ते बहुतेक पिवळे पडले आहेत. नंतर जिलेटिनचा कागद आला. आपल्या आजोबांचे काळा कोट, पगडी आणि हातात काठी असे जे फोटो असतात त्यांपैकी बहुतेक या जातीचे. त्यांतला काळा रंग म्हणजे चांदीचे सूक्ष्म कण. फोटो धुताना हायपो नावाच्या द्रावणाने नको असलेले क्षार काढतात, आणि मग तो हायपो स्वतः काढून टाकण्यासाठी फोटो वाहत्या पाण्यात चांगला तासभर धुवावा लागतो. ज्याने ही शेवटची धुणी नीट केली त्याचा फोटो शंभर वर्षे सहज जातो. ज्याने घाई केली त्याच्या फोटोत उरलेला हायपो चांदीला गंधकाची बाधा करतो आणि चेहरे पिवळे पडत विरत जातात. एकाच घरात शेजारी शेजारी लटकणाऱ्या दोन फोटोंपैकी एक ठणठणीत आणि एक फिका का, याचे उत्तर बहुधा त्या तासाभराच्या पाण्यात असते.

चांदी मोलाची असल्याने तिचा दुसरा एक शत्रू आहे, तो म्हणजे माणूस. जुन्या एक्स-रेच्या फिल्म विकत घेणारे दारावर येतात ते कशासाठी? चांदीसाठीच. जुन्या मूकपटांच्या आणि बोलपटांच्या कितीतरी फिल्म याच लोभाने वितळल्या. राहिल्या त्यांचा दुबळा घटक होता फिल्मची पट्टी. ती नायट्रेटची, म्हणजे बंदुकीच्या कापसाच्या सख्ख्या भावंडाची. आपोआप चिकट होते, भुगा होते, आणि पेटली तर पाण्याने विझत नाही. एके काळी रविवर्म्यांच्या त्याच छापखान्याशी संबंध असलेल्या दादासाहेब फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' १९१३ साली चार रिळांचा होता. आज त्याचे दोन रिळांएवढेच उरले आहे, आणि तेही १९१७ साली पुन्हा काढलेल्या आवृत्तीचे असावे असे अभ्यासकांना वाटते. पहिला हिंदी बोलपट 'आलम आरा' १९३१ चा. त्याची एकही प्रत उपलब्ध नाही. पुण्यात १९६४ साली राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय निघाले म्हणून पुष्कळ वाचले. तरी जानेवारी २००३ मध्ये पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटच्या आवारात लागलेल्या आगीत नायट्रेटच्या शेकडो फिल्म गेल्या. नायट्रेटनंतर आलेली 'सुरक्षित' फिल्म ॲसिटेटची. ती पेटत नाही, आंबते. डबा उघडला की व्हिनेगरचा वास येतो, आणि एका रिळाची आंबट वाफ शेजारच्या रिळाला लागते. घरातल्या जुन्या निगेटिव्हना असा वास येत असेल तर त्या आधी इतरांपासून वेगळ्या करा.

आणि आता रंगीत फोटो. प्रारंभी म्हटले होते की आपल्याला हा प्रश्न अधिक निकडीचा आहे, तो इथे.

रंगीत फोटोत काळ्या-पांढऱ्याप्रमाणे चांदी शेवटपर्यंत राहत नाही. चांदी फक्त रंग उमटवण्याचे काम करते आणि मग रसायनाने काढून टाकली जाते. मागे राहतात ते निळसर, किरमिजी आणि पिवळ्या रंजकाचे तीन पातळ थर. म्हणजे टिकाऊ धातू गेला आणि राहिला तो नाजूक रंग! त्यातही तिघांचे वय सारखे नाही. १९६० ते १९८० च्या दरम्यानच्या कागदांवर निळसर थर अंधारातही आपोआप विरतो. तो गेला की उरतात किरमिजी आणि पिवळा. म्हणून अल्बममध्ये जपून बंद ठेवलेले लग्नाचे फोटोही लालसर झालेले दिसतात. भिंतीवर लावलेल्या फोटोचे उलटे. तिथे उजेडाने किरमिजी आधी जातो आणि माणसे निळसर-हिरवी, आजारी दिसू लागतात. अशा फोटोत पंधरा ते तीस वर्षांत फरक डोळ्यांना जाणवतो. १९८० नंतर कागद सुधारत गेले आणि १९९० नंतरचे बरेचसे कित्येक दशके टिकण्याजोगे आहेत. पण मधल्या काळातले गेले ते गेले. मूळ रंग कागदात पुन्हा भरता येत नाहीत.

हा मधला काळ कोणता, ते पाहा. महापालिकेची हद्द १९५० साली जोगेश्वरी-भांडुपपर्यंत आली, १९५७ साली दहिसर-मुलुंडपर्यंत. त्यानंतरच्या तीन-चार दशकांत इथली भातखाचरे, विहिरी, कौलारू घरे आणि वाड्या जाऊन आजची उपनगरे उभी राहिली. फोर्टच्या आणि गिरगावच्या रस्त्यांचे फोटो एकोणिसाव्या शतकापासून काढले गेले आहेत. बोरिवलीच्या शेताच्या बांधाचे, अंधेरीच्या चाळीतल्या मुंजीचे किंवा घाटकोपरच्या उघड्या डोंगराचे चित्र काढायला कोणी चित्रकार आला नव्हता. ते कुठे असेल तर तुमच्या-आमच्या कपाटातल्या अल्बममध्ये, मावशीच्या लग्नाच्या फोटोत तिच्या खांद्यामागे. म्हणजे आपल्या उपनगरांच्या इतिहासाचा मोठा भाग नेमका सर्वांत कच्च्या कागदावर लिहिला गेला आहे, आणि तो रोज थोडा पुसला जातो आहे.

त्यात ते अल्बम. एके काळी चिकट पानांचे आणि वर प्लॅस्टिकच्या पडद्याचे अल्बम फार लोकप्रिय होते. तो गोंद पुढे पिवळा पडतो, प्लॅस्टिकमधून वाफा सुटतात, आणि फोटो पानाला असे बिलगतात की ओढले तर फाटतात. ते ओढू नयेत. तसेच पानासकट त्यांचे फोटो काढून घ्यावेत.

अलीकडच्या छपाईबद्दल थोडक्यात सांगतो. शाईच्या फवाऱ्याने छापणाऱ्या यंत्रांत दोन जातींची शाई असते : रंजकाची, म्हणजे पाण्यात विरघळणारी, आणि रंगद्रव्याची, म्हणजे अतिसूक्ष्म कणांची. पहिली चमकदार आणि अल्पायुषी. साधारण २००० साली बाजारात आलेल्या अशा काही छापांचा हवेतल्या ओझोनमुळे काही आठवड्यांत नारिंगी रंग झाला होता. दुसरी चांगल्या कागदावर शतकाच्या गोष्टी करते. दुकानातली पावती किंवा हृदयाचा आलेख ज्यावर येतो तो उष्णतेने काळा होणारा कागद तर काही महिन्यांत कोरा होऊ शकतो. महत्त्वाचा असेल तर त्याची त्याच दिवशी झेरॉक्स काढावी. नाक्यावरच्या वाढदिवसाच्या फलकांचे आयुष्य एका पावसाळ्याचे, आणि तेही काही वेळा जास्तच वाटते.

मोबाइलमधल्या फोटोंना रंग उडण्याची भीती नाही. ते फिके होत नाहीत. एका क्षणी असतात आणि दुसऱ्या क्षणी नसतात. तिथला दुबळा घटक म्हणजे ज्या तबकडीवर किंवा यंत्रात ते साठवले ती वस्तू. म्हणून दोन निरनिराळ्या ठिकाणी प्रती, आणि निवडक शंभर फोटोंचे कागदी छाप.

राहता राहिली आपली हवा. सांताक्रूझच्या वेधशाळेत वर्षाकाठी सरासरी दोन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस मोजला जातो आणि पावसाळ्यात हवेची आर्द्रता ऐंशी टक्क्यांवर राहते. बुरशीला पासष्ट-सत्तर टक्के पुरेत, आणि फोटोतले जिलेटिन हे तिचे आवडते अन्न. तेव्हा फोटो आणि चित्रे बाहेरच्या भिंतीवर, न्हाणीघराच्या भिंतीवर किंवा स्वयंपाकघरात लावू नयेत. पोटमाळ्यावर पत्र्याच्या पेटीत ठेवू नयेत. उन्हाळ्यात ती भट्टी होते, आणि तापमान दहा अंशांनी वाढले की रासायनिक बिघाडाचा वेग साधारण दुप्पट होतो. घराच्या मधल्या खोलीतले कपाट बरे, तळाचा खण सोडून. डांबराच्या गोळ्या फोटोंजवळ ठेवू नयेत. दिवाळीच्या सुमारास हवा कोरडी पडली की अल्बम काढून सावलीत, पंख्याखाली उघडून ठेवावेत. बुरशी दिसली तर ओल्या फडक्याने पुसू नये; आधी सुकू द्यावे आणि मग मऊ कुंचल्याने झटकावी. मौल्यवान चित्र असेल तर स्वतः काही न करता तज्ज्ञाला दाखवावे. फोर्टमधल्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात कलावस्तूंच्या जतनाचे केंद्र आहे.

लालसर झालेले फोटो या सुटीतच स्कॅन करून घ्यावेत. निळसर थराचा थोडा अंश उरला असेल तोवर संगणकावर रंग बऱ्याच अंशी परत जुळवता येतात. तो पुरता गेल्यावर जुळवायला काही राहत नाही. निगेटिव्ह सापडल्या आणि चांगल्या राहिल्या असतील तर फोटोऐवजी त्यांचेच स्कॅन करावे. आणि घरातली वडीलधारी मंडळी आहेत तोवर प्रत्येक फोटोमागे नावे, ठिकाण आणि साल त्यांना विचारून लिहून ठेवावे. कडेला, मऊ शिसपेन्सिलीने, हात हलका ठेवून. बॉलपेनची शाई काही वर्षांनी पलीकडे चेहऱ्यावर उतरते. ज्या चकचकीत कागदावर पेन्सिल उमटत नाही, त्याच्यासाठी वेगळा पाकीट-कागद घ्यावा आणि लिहून झाल्यावर मगच फोटो आत घालावा.